आधी माप आण, मग तोंड उघड

थांब. ‘सर, कशी दिसते?’ हे मला विचारू नकोस. दिसण्याचं कौतुक करायला तुझे मित्र पुरेसे आहेत. मोटर मेकॅनिकचा अख्खा ट्रेड माझ्या हाताखाली केलास, सर्टिफिकेट भिंतीला टांगलंस आणि शेवटी काय दिवे लावलेस? काकांनी जीवापाड जपलेली ७८ सालची प्रीमियर पद्मिनी ताब्यात घेतलीस, कुठलासा फोटो बघून १७ इंची अलॉय चाकं मागवलीस, आणि ती आत जाईनात म्हणून गाडीच कापायला निघालास. पायाआधी कळस चढवलास आणि आता मला विचारतोस, कळस चमकतो का!

मी विचारतो त्याचं उत्तर दे. चाकांचे पैसे मोजण्यापूर्वी या गाडीची किती मापं घेतलीस? हबचं पीसीडी? मधल्या भोकाचा व्यास? जुन्या रिमचा ऑफसेट? बंप स्टॉपपर्यंत उरलेलं अंतर? स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आणि मडगार्ड यांच्यात राहणारी जागा? एकही नाही. ‘दुकानदार म्हणाला, बसतात.’ दुकानदाराला चाकं विकायची होती, ती विकली गेली. त्याचं काम झालं. तुझं सुरूसुद्धा झालेलं नाही.

ये इकडे. पँट मळेल म्हणून उभा राहू नकोस, गुडघे टेक. मडगार्डच्या आतल्या कडेला बोट लाव. रंग गेलाय, प्रायमर गेलाय, खालचा पत्रा आरशासारखा चकाकतोय. आता टायरचा खांदा बघ. त्याच उंचीवर रबर सोललंय. गाडी रिकामी असताना ही गत आहे. मागे तिघं बसले, वळणावर खड्डा आला, की हाच पत्रा टायरमध्ये सुरी होऊन शिरेल. ‘सर, कडा ठोकून आत वळवतो’ म्हणतोस? रोग मापात आहे आणि तू हातोडा शोधतोस.

आता पाना घे आणि या चाकाचा एक बोल्ट काढ. सैल झाल्यावर हातानं फिरव आणि फेरे मोठ्यानं मोज. एक, दोन, तीन, चार. आला बाहेर! लाज वाटू दे थोडी. १२ मिलिमीटर जाडीचा बोल्ट असेल तर निदान तेवढीच त्याची लांबी हबच्या आट्यांत उतरली पाहिजे. आट्यांचं अंतर सव्वा मिलिमीटर धरलं तर साडेनऊ-दहा फेरे व्हायला हवेत. तुझे चार फेरे म्हणजे ५ मिलिमीटर. मध्ये २० मिलिमीटरचा स्पेसर घातलास आणि बोल्ट मात्र जुन्याच लांबीचे ठेवलेस. एवढ्या गाडीचं अर्धं वजन, ब्रेकचा झटका आणि वळणाचा रेटा पेलायला तू ५ मिलिमीटर आटे ठेवलेत.

बोल्ट नीट बसलेतही नाहीत. एकाचा शंकू बरोबर टेकलाय, बाकीचे ओढूनताणून घट्ट केलेत, म्हणजे पीसीडीत, बोल्टांच्या भोकांच्या वर्तुळाच्या व्यासात, फरक आहे. फियाटच्या पालिओ, पुंटो या गाड्यांचं पीसीडी ९८ मिलिमीटर, आणि बाजारात सहज मिळणारी चार भोकांची कितीतरी अलॉय १०० ची. फरक दोनच मिलिमीटरांचा, म्हणून चाक चढतं आणि माणूस फसतो. पण तसं चढवलेलं चाक हबच्या मध्यावर बसत नाही, बोल्ट कायम वाकायच्या ताणात राहतात आणि एक दिवस सैल होतात. चार भोकांचं पीसीडी मोजायला समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर घ्यायचं असतं. व्हर्नियर कॅलिपर धरायला शिकवला होता ना? मग तो काय कपाटात पूजेला ठेवलायस?

आता स्प्रिंगकडे चल. हे टोक काळं-निळं का झालंय? कारण वेल्डिंगच्या दुकानात जाऊन गॅसकटरनं वेटोळं उडवलंस. स्प्रिंगच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं. ज्योत लागली की तेवढ्या भागाचं पाणी उतरतं. तिथं ती पुढे बसते, नाहीतर तुटते. शिवाय खालच्या खोबणीत बरोबर बसणारं टोकही तू छाटून टाकलंस. गाडी जॅकवर घेतली की स्प्रिंग जागेवर खुळखुळते, हे ऐकू आलं नाही का तुला?

‘एकच वेटोळं कापलं’ हे तर मला सांगूच नकोस. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर वाढतो आणि वेटोळ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात बदलतो. तार दहा टक्के जाड केली की स्प्रिंग ४६ टक्के कडक होते. आठ कामाच्या वेटोळ्यांतलं एक काढलं की कडकपणा १४ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे वेटोळं कापताना तू उंचीबरोबर स्प्रिंगचा स्वभावही बदलला होतास. शॉकअब्सॉर्बर मात्र जुनाच ठेवलास.

अजून ऐक. या गाडीत स्प्रिंग चाकावर उभी नाही, आर्मवर आत कुठंतरी बसते. चाक ५० मिलिमीटर वर उचललं आणि स्प्रिंग ३० मिलिमीटर दबली, तर प्रमाण झालं ०.६. मग स्प्रिंगची बसलेली उंची २० मिलिमीटरनं कमी केलीस तर चाकापाशी गाडी ३३ मिलिमीटर खाली येणार. आणि स्प्रिंगच्या कडकपणाचा चाकापर्यंत पोचणारा हिस्सा ०.६ चा वर्ग, म्हणजे ०.३६. हे प्रमाण तुझ्या गाडीत किती, ते जॅक आणि फूटपट्टी घेऊन तासाभरात कळलं असतं. तू अंदाजानं कापलीस आणि आता बंप स्टॉपपर्यंत दोन बोटं जागा उरली. मुंबई-गोवा रस्त्यावरच्या पहिल्याच मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन संपेल आणि पुढचा धक्का थेट क्रॉस-मेंबरला बसेल.

ही गाडी काय आहे, हे तरी ठाऊक आहे का? फियाटनं १९५३ साली ११००/१०३ हे मॉडेल आणलं, त्याच्याच वंशातली ही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून ११००डी बनू लागली आणि पुढे १९७४ मध्ये तिचं पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. पुढे वर-खाली दोन आर्म, त्यात वरचा आखूड आणि खालचा लांब, सोबत कॉइल स्प्रिंग. मागे पाटे. ही रचना मागासलेली आहे असं कुणी सांगितलं तुला? आखूड-लांब आर्मची जोडी मुद्दाम तशी असते. वळणावर गाडी झुकली की बाहेरच्या बाजूचं चाक वरून आत कलतं आणि टायर रस्त्यावर सपाट टेकलेला राहतो. हीच पुढची बाजू घेऊन मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाड्या हाकल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली, तोवर हे चालू होतं. त्या टॅक्सीवाल्यांकडे तुझ्यासारखं सर्टिफिकेट नव्हतं. पण ग्रीसगन कुठं लावायची आणि किंगपिन कधी बदलायची, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तुझ्या किंगपिनचं काय? चाक वर-खाली धरून हलव. खडखडतंय? बुश गेलेत, निपलमध्ये माती भरलीय. सुटलेल्या किंगपिनवर तू नवी चाकं चढवलीस. नाकापेक्षा मोती जड, आणि नाकही मोडलेलं.

आता ऑफसेट. हा शब्द रिमच्या मागे ‘ईटी’ म्हणून कोरलेला असतो, तो तू किमतीचा आकडा समजून सोडून दिलास बहुतेक. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर आकडा नसेल तर रिम पालथी घाल, मागच्या कडांवर सरळ पट्टी ठेव आणि हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंत खोली मोज. ७ इंची रिमची बाहेरून बाहेर रुंदी सुमारे ८ इंच, म्हणजे २०३ मिलिमीटर. त्याचं अर्धं १०१.५. खोली १२० भरली तर ऑफसेट अधिक साडेअठरा. यात गणित सातवीचंच आहे.

ऑफसेट जेवढा कमी तेवढं चाक बाहेर. तुझा १५५ चा टायर २०५ झाला. नव्या रिमचा ऑफसेट जुन्याइतकाच आहे असं धरलं तरी टायर दोन्ही बाजूंना २५-२५ मिलिमीटर फुगला. वर २० चा स्पेसर. म्हणजे आतल्या बाजूला फक्त ५ मिलिमीटर वाढ आणि बाहेर ४५. मडगार्ड का घासतं, हे समजायला गुडघे टेकायचीसुद्धा गरज नव्हती. कागद-पेन्सिल पुरली असती.

घासणं तरी निदान डोळ्यांना दिसतं. खरा घोटाळा दिसत नाही. किंगपिनच्या आसाची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढव. ती जिथं टेकते तिथपासून टायरच्या चट्ट्याच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. कारखान्यानं ते ठरवून दिलेलं असतं. तू चाक बाहेर ढकललंस आणि ते वाढवलंस. आता एका चाकाखाली वाळू आली, एका बाजूचा ड्रम ब्रेक जास्त धरला किंवा कडेचा खड्डा लागला, की ती ओढ लांब दांड्यावरून थेट स्टिअरिंगमध्ये येणार. हातातलं चाक हिसका देऊन एका बाजूला पळेल. बेअरिंगवरचा पीळ वाढला, किंगपिनवरचा वाढला, टाय रॉडच्या टोकांवरचाही वाढला. ‘सर, गाडी थोडी ओढते’ असं तू मघाशी सहज म्हणालास. ते थोडं नाही आणि सहज तर मुळीच नाही.

गाडी खाली बसवली की वळणावर कमी झुकते, हेही तू ऐकून आलायस. अर्धवट ज्ञान. आर्मच्या गाडीत शरीर खाली येतं, पण आर्मचे कोन बदलल्यानं रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, त्याहून जास्त खाली जातं. म्हणजे झुकायला लावणारा दांडा उलट लांब होतो. दुसरीकडे टाय रॉड आणि आर्म वेगवेगळ्या वर्तुळांवर फिरू लागतात. मग स्टिअरिंग न हलवताही खड्ड्यात चाकं आपोआप आत-बाहेर वळतात. याला बंप स्टिअर म्हणतात. हा दोष अलाइनमेंटच्या दुकानात गाडी उभी करून सापडत नाही, कारण तिथं चाक हलतच नाही.

जाणत्यांनी काय केलं ते बघ. १९६५ च्या शेल्बी जीटी३५० मस्टँगमध्ये वरच्या आर्मची बैठक एक इंच खाली सरकवली होती. नवी भोकं पाडली आणि आर्म तिथं बसवला. बाहेरून ते कुणाच्या डोळ्यांत भरणारं नव्हतं. पण चाकाच्या कलण्याचा मार्ग सुधारला आणि गाडी वळणावर धरू लागली. फोर्डमधल्या क्लाउस आर्निंग या इंजिनिअरनं ही भूमिती मांडली होती. एका इंचासाठी त्या माणसांनी आधी कागद भरले. तू तीन इंचांसाठी गॅसकटर घेतलास.

आणि आता तोंड वर करून सांगतोस की हे सगळं काढून टाकतो आणि ‘मस्टँग टू’चं किट लावतो. अमेरिकेत जुन्या गाड्यांना १९७४ ते ७८ च्या मस्टँग टू धाटणीची पुढची बाजू सर्रास लावतात, हे खरं. रॅक स्टिअरिंग मिळतं, डिस्क ब्रेक मिळतात, सुटे भाग सहज मिळतात. पण ती माणसं ते बहुधा वेगळी चासी असलेल्या गाडीवर लावतात. लोखंडी रेल असते, तिच्यावर क्रॉस-मेंबर वेल्ड करतात. तुझ्या गाडीला चासी नाही, पत्र्याचं शरीरच सगळा भार पेलतं. तो भार कुठून कुठं जातो हे न समजता त्यावर परकी क्रॉस-मेंबर चिकटवलीस तर वेल्ड धरेल आणि शेजारचा पत्रा फाटेल.

मग मारुतीचे स्ट्रट? मॅकफर्सन स्ट्रटमध्ये गाडीचा पुढचा भार वर, टॉवरच्या डोक्यावर येतो. स्ट्रट १९५० च्या फोर्ड कॉन्सलपासून मोटारींत रुळला, पण ती गाडी त्याच हिशेबानं घडवलेली होती. पद्मिनीच्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर तो भार टाकायची कुणी कल्पनाही केली नव्हती. शिवाय रॅकची लांबी आर्मच्या आतल्या टोकांशी जुळली पाहिजे, नाहीतर मघाचं बंप स्टिअर दुप्पट होऊन परत येणार. आणि हबपासून हबपर्यंतची रुंदी ठरवायची, तर चाकाचा ऑफसेट आधी माहीत हवा. म्हणजे फिरून पुन्हा तिथंच आलास, जिथं तू माप घेतलं नव्हतंस.

कायद्याचंही कान उघडून ऐक. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातल्या कारखान्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. पासिंगला गेलास तर मडगार्डबाहेर आलेली चाकं इन्स्पेक्टरला दिसणार. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर त्याहून बारकाईनं बघणार. आणि २०२८ साली तुझी गाडी पन्नाशीची होईल. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. अट अशी की चासी, बॉडी शेल, इंजिन यांत फेरफार केलेला नसावा. काकांनी इतकी वर्षं जे राखलं ते तू एका दुपारी ग्राइंडरनं संपवणार होतास.

आता लिहून घे. डोक्यात ठेवतो म्हणू नकोस, तुझ्या डोक्यात काय राहतं ते आजच दिसलं.

पहिलं, किंगपिन, आर्मचे बुश, टाय रॉडची टोकं, बेअरिंग आणि स्टिअरिंग बॉक्समधला ढिलेपणा. हे सगळं घट्ट होईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. निम्म्या लोकांना नवीन सस्पेन्शन हवंसं वाटतं, कारण त्यांनी जुनं सस्पेन्शन धड अवस्थेत कधी चालवलेलंच नसतं.

दुसरं, ब्रेक. डिस्क बसवायची असेल तर आत्ताच ठरव. डिस्क आली की हबची टेकायची जागा बहुधा सरकते आणि कॅलिपर रिमच्या आत मावावा लागतो. चाक घेऊन मग ब्रेक बदलणं म्हणजे दोनदा चाकं घेणं.

तिसरं, टायर. मूळ टायर ५.२० रुंदीचा, १४ इंची. आजच्या मापांत त्याच्या जवळचा १५५/८० आर १४, व्यास ६०४ मिलिमीटर. तुझा २०५/४० आर १७ आहे ५९६ चा. व्यास जवळपास तोच, म्हणून तुला वाटलं जमलं. पण टायरची भिंत १२४ वरून ८२ वर आली. खड्ड्यातला धक्का गिळणारं ४२ मिलिमीटर रबर तू काढून टाकलंस आणि त्या जागी रिमचा धातू आणलास. फारच हौस असेल तर १८५/६० आर १५ बघ. व्यास ६०३ आणि भिंत १११. रुंदी ३० मिलिमीटरनं वाढते, म्हणजे दोन्ही बाजूंना १५. तेवढी जागा आत-बाहेर आहे का, हे मोजल्यावरच बोल. भारांक नोंदणी पुस्तकातल्या वजनाशी ताडून पाहा. आणि चाक-टायर दोन्ही मिळून भंगारवाल्याच्या काट्यावर ठेव. जुन्यापेक्षा जड निघाले तर चाळीस हॉर्सपॉवरच्या इंजिनाला आणि म्हाताऱ्या शॉकअब्सॉर्बरला तो बोजा रोज वाहायचाय, हे लक्षात असू दे.

चौथं, चाक. पीसीडी, मधलं भोक, बोल्टाच्या बैठकीचा शंकू की गोल आकार, ऑफसेट, रुंदी. पाचही जुळले तरच पैसे मोजायचे. एक जुळत नसेल तर ते चाक तुझ्या गाडीचं नाही. स्पेसरनं ते तुझं होत नाही.

पाचवं, स्प्रिंग. सगळ्यांत शेवटी. खाली आणायचीच असेल तर हवी ती उंची आणि हवा तो कडकपणा लिहून देऊन नवी वळवून घे, तिच्याशी जुळणारा शॉकअब्सॉर्बर घे आणि बंप स्टॉपपर्यंतची चाल राख.

मग तपासणी. दोन्ही स्प्रिंगा काढ, गाडी घोडीवर ठेव, चाक लाव. आर्मखाली जॅक घेऊन चाक अगदी खालपासून बंप स्टॉपपर्यंत उचल आणि दर टप्प्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव. मडगार्डला आतून शाडूच्या गोळ्या चिकटव. दबली ती जागा घासते. प्रत्येक उंचीवर टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधलं अंतर मोजून टो लिही, ओळंबा सोडून कँबर लिही. आकडे एका रेषेत आले तर भूमिती ठीक. उड्या मारायला लागले तर थांब आणि मला दाखव. त्यानंतर अलाइनमेंट, आणि त्याचा छापील कागद.

‘सर, पुढच्या महिन्यात शो आहे.’ असेल. फोटोपुरती गाडी हवी असेल तर चाकं ठेव तशीच, पण मग ती ट्रकवर घालून ने आणि ट्रकवरूनच परत आण. रस्त्यावर चालवायची असेल तर आत्ता ही चारही चाकं उतरव, जुनी लाव, आणि सोमवारी सकाळी किंगपिनचा पुलर घेऊन ये. रस्त्यावर तू एकटा नसतोस. समोरून येणाऱ्या स्कूटरवरच्या बाईनं तुझे ५ मिलिमीटर आटे बघितलेले नसतात.